आकाश निरभ्र असूनही दुर्बिणीत गुरू का थरथरत होता? गावातील आकाशदर्शनाची रात्र कशी निवडावी?

प्रश्न
मलप्रभाकाठ, खानापूर तालुका | १९ जानेवारी २०२६

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी गावाने लोकवर्गणी काढून शाळेला सहा इंची, म्हणजे १५० मिलीमीटर आरशाची परावर्तक दुर्बीण घेऊन दिली. तिचे नाभीय अंतर ७५० मिलीमीटर आहे. ज्या गावाने यात्रेच्या वर्गणीइतक्याच आस्थेने दुर्बिणीसाठी पैसे दिले, त्या गावाला तिच्यातून काहीतरी नीट दिसावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ते दोनदा साधले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

पहिला प्रयत्न ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा होता. रात्री अकराच्या सुमारास खग्रास अवस्था सुरू झाली आणि ती बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत टिकली. रविवार असल्याने दीडशे माणसे शाळेच्या आवारात थांबली होती, पण तेवढ्या वेळात ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र दोनदाच, तोही क्षणभर, दिसला. पावसाळ्यातले ग्रहण होते, तेव्हा त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

दुसरा कार्यक्रम परवाच्या शनिवारी, १७ जानेवारीला झाला. रविवारी अमावास्या असल्याने आकाश काळेभोर मिळेल, असा विचार करून मी तो दिवस ठरवला होता. दुपारपासून पूर्वेचा वारा जोरात होता, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता आणि कृत्तिकेतले सहाही तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होते. याहून चांगली रात्र मिळणार नाही, असे आम्ही सारेच म्हणत होतो. दुर्बीण वर्गाच्या कपाटातून काढून शाळेच्या स्लॅबवर नेली आणि साडेसातला गुरूवर लावली. १० मिलीमीटरचा आयपीस (डोळा लावायचे भिंग) आणि दोन पटीचे बार्लो भिंग, म्हणजे १५० पट मोठे दिसणारे चित्र होते. मात्र आयपीसमध्ये गुरूची कड एका जागी ठरतच नव्हती. बिंब लिबलिबत होते, त्यावरचे पट्टे दिसेनात, आणि चार चंद्रही ठिपक्यांसारखे न राहता फुलत आणि विझत होते. रांगेतल्या एका आजींनी पाहून सांगितले, “बाई, पाण्यात पडलेला दिवा हलतो, तसं दिसतंय.” त्यापेक्षा अचूक वर्णन मला करता आले नसते. शनीचे तर कडे कोणाला दिसलेच नाही, बिंबाला आरपार टोचलेली एक बारीक रेघ तेवढी दिसली. थंडी बरीच असल्याने मंडळींनी खाली अंगणात शेकोटी केली, तिच्याभोवती गप्पा झाल्या आणि दहाच्या आत गाव घरी परतले.

आश्चर्य पुढेच आहे. अकराला दुर्बीण आत नेण्यापूर्वी दोन विद्यार्थ्यांसह मी पुन्हा एकदा गुरू पाहिला, तेव्हा त्याचे दोन ठळक पट्टे स्थिर आणि स्पष्ट दिसत होते. तीच दुर्बीण, तोच आयपीस, तेच आकाश, मग साडेसातला काय चुकले? आणि पुढच्या वेळी गावाला बोलावण्यापूर्वी हवामानाचे नेमके काय पाहावे?


उत्तर
आठ इंची डॉब, टिळकवाडी | १९ जानेवारी २०२६

नमस्कार ताई. तुमच्या दुर्बिणीत दोष नाही, हे आधी सांगतो, कारण अशा रात्रीनंतर बहुतेक जण आरशाला दोष देतात आणि स्क्रू फिरवत बसून चांगली जुळवलेली दुर्बीण बिघडवतात. अकराला पट्टे स्पष्ट दिसले, त्याअर्थी आरसा आणि भिंगे ठीक आहेत.

आकाश निरभ्र असणे आणि हवा स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृत्तिकेतले तारे मोजून तुम्ही जी पाहिलीत ती हवेची पारदर्शकता होती. ग्रहाचे बारकावे दिसण्यासाठी लागते ती स्थिरता, जिला हौशी निरीक्षक सीइंग म्हणतात. हवेचे तापमान एका अंशाने बदलले तर तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची तिची क्षमता, सुमारे दहा लाखांत एका भागाने बदलतो. हा फरक नगण्य वाटतो, पण प्रकाश कित्येक किलोमीटर हवेतून येताना गरम आणि थंड हवेच्या असंख्य पुंजक्यांतून जातो आणि प्रत्येक पुंजका त्याला किंचित वाकवतो. हे पुंजके बहुधा दहा-वीस सेंटीमीटरचे असतात आणि वाऱ्याबरोबर दुर्बिणीच्या तोंडावरून सेकंदाला अनेकदा सरकतात. तारे लुकलुकतात तेही यामुळेच. तुमच्या १५० मिलीमीटरच्या आरशाला पाऊण विकलेइतके (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक अंतर वेगळे दाखवता येते, पण हवा दोन-तीन विकलांनी हलत असेल तर ती क्षमता वाया जाते. गुरूचे बिंब सध्या ४५ विकलांच्या आसपास आहे, त्यावरून हा थरकाप किती मोठा ते ध्यानात येईल. लडाखमधील हनले किंवा पुणे जिल्ह्यातील गिरवलीसारख्या ठिकाणी वेधशाळा बांधताना अंधाराबरोबरच हवेच्या स्थिरतेचीही पाहणी होते, ती याचसाठी.

आता तुमच्या साडेसातचा हिशेब पाहू. गुरूची प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणे, १० जानेवारीला झाली, त्यामुळे सध्या तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीजवळ माथ्यावर येतो. १७ तारखेला साडेसातला तो आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २५ अंश वर होता. इतक्या खाली असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या तुलनेत जवळजवळ अडीच पट हवेतून येतो, आणि ही जास्तीची हवा जमिनीलगतची, सर्वांत खवळलेली असते. साडेनऊला तो ५० अंशांच्या वर गेला होता आणि अकराला जवळपास माथ्यावर होता. तुम्हाला अकराला जे दिसले, त्याचे निम्मे श्रेय या चढण्याला आहे.

उरलेले निम्मे श्रेय स्लॅबला आणि आरशाला आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत ते सोडत राहतो. टिळकवाडीतल्या माझ्या गच्चीवर मी दोन हिवाळे याच चुकीत घालवले आणि बेळगावची हवाच वाईट, असा निष्कर्ष काढून बसलो होतो. एकदा राजहंसगडाच्या पायथ्याला गवताच्या माळावर तीच दुर्बीण मांडली, तेव्हा शनीच्या कड्यातली काळी फट पहिल्यांदा नीट दिसली. तेथे आकाश अधिक काळे होते हे खरे, पण ग्रहाला काळोखाची गरज नसते. फरक पायाखालच्या गवताने केला होता. गवत आणि माती सूर्यास्तानंतर लवकर निवतात, काळा दगड आणि काँक्रीट मात्र लवकर निवत नाहीत. पातळ पत्राही लवकर थंड होतो, त्यामुळे शेजारी पत्र्याची शेड असेल तर तिची एवढी काळजी करू नये.

आरशाचेही तसेच आहे. बंद वर्गातल्या कपाटातून काढलेली काच बाहेरच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असू शकते. ती निवेपर्यंत नळीच्या आतच गरम हवेचे पदर वर चढत राहतात आणि प्रतिमा उकळते. सहा इंची आरशाला साधारण तासभर द्यावा. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक तेजस्वी तारा घेऊन फोकस मुद्दाम बिघडवा, म्हणजे ताऱ्याची मोठी गोल चकती दिसेल. आरसा गरम असेल तर त्या चकतीत तव्यावरच्या वाफेसारखे पदर सावकाश वळताना दिसतील. नळीच्या तोंडापुढे तळहात धरलात, तर हाताच्या उबेचे झोतही त्याच चकतीत वर जाताना दिसतात. हा प्रयोग वर्गातल्या मुलांना अवश्य दाखवा. हवा डोळ्यांनी पाहिल्याचा आनंद त्यांना फार होतो.

एक विचारायचे राहिले. तुम्ही शेकोटीचा उल्लेख केला आहे. ती अंगणाच्या कोणत्या बाजूला होती?


उत्तर
मलप्रभाकाठ, खानापूर तालुका | १९ जानेवारी २०२६

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिण्याआधीच समजले. शेकोटी अंगणाच्या पूर्व बाजूला, स्लॅबच्या कठड्यापासून दहा-बारा पावलांवर होती. गुरू बरोबर तिच्या माथ्यावर होता. साडेसात ते पावणेदहापर्यंत ती धगधगत होती, आणि अकराला आम्ही पुन्हा पाहिले तेव्हा तिची राख झाली होती. तेवढा वेळ सगळे गाव त्या आगीवरून वर जाणाऱ्या हवेतून गुरू पाहत होते.


उत्तर
ऊसकरी, चिकोडी तालुका | २० जानेवारी २०२६

ताई, शेकोटीचा खुलासा पटला. मी शेतकरी आहे. घरी साडेचार इंची दुर्बीण आणि एक द्विनेत्री (बायनॉक्युलर) आहे, आणि आमच्या वस्तीवर मी वर्षातून चार-पाच वेळा लोकांना बोलावतो. विज्ञान वरच्या सरांनी सांगितले आहे, मी या सीमाभागातल्या हवेविषयी लिहितो.

आमच्या बाजूला हिवाळ्यातला खरा अडथळा ढगांचा नसून धुराचा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस तुटलेल्या फडातले पाचट संध्याकाळी पेटवले जाते आणि गुऱ्हाळांचाही धूर असतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे हा धूर वर चढत नाही, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून ओढ्याकाठाने आडवा पसरत जातो. अशा रात्री डोक्यावरचे आकाश बरे दिसते, पण क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंतचे तारे गिळले जातात. म्हणून आम्ही वस्ती सोडून टेकाडावर जातो. पन्नास-साठ फूट चढले तरी धुराचा थर पायाखाली राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या दिवशी शेजारचा फड पेटणार आहे का, हे आधी विचारून ठेवावे आणि शक्य असल्यास शेजाऱ्याला एक दिवस थांबण्याची विनंती करावी. माणसे ऐकतात, फक्त वेळेवर सांगावे लागते. पाचट न जाळता कुजवले तर जमिनीचेही भले होते, पण तो वेगळा विषय झाला.

दुसरा त्रास दहिवराचा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, विशेषतः पाणी पाजलेल्या उसाशेजारी, नऊ वाजल्यापासून नळीवर, शोधक दुर्बिणीवर (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) आणि आयपीसवर थेंब जमू लागतात. उघड्या आकाशाखाली ठेवलेली वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडून आजूबाजूच्या हवेहूनही थंड होते, आणि तिचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की काचेवर दहिवर पडते. तुमच्या दुर्बिणीचा मोठा आरसा नळीच्या तळाशी असल्याने तो बराच वेळ वाचतो. आधी भिजतात शोधक, आयपीस आणि वरचा लहान आरसा. एका कार्यक्रमात मदतीला आलेल्या पोराने चांगल्या भावनेने शोधकाची काच उपरण्याने पुसली, आणि तिच्यावर धुळीचे ओरखडे कायमचे उमटले. तेव्हापासून नियम केला आहे की काच कोणी पुसायची नाही. केस वाळवण्याचे यंत्र मंद उष्णतेवर लांबून फिरवले की दहिवर उडते. आयपीस दोन असावेत. एक दुर्बिणीत आणि एक स्वेटरच्या खिशात ठेवावा, आणि रांगेतली वीस-पंचवीस माणसे झाली की बदलावा. नळीच्या तोंडापुढे काळ्या फोमची किंवा जाड कागदाची एक-दीड फूट लांबीची नळी वाढवली, तर दहिवर पडायला उशीर लागतो आणि बाजूचा उजेडही अडतो.

आकाश धूसर असेल तर मी कार्यक्रम रद्द करतो. लोकांना अर्धवट काही दाखवू नये, असे माझे मत आहे.


उत्तर
कृष्णाकाठ, अथणी तालुका | २० जानेवारी २०२६

वरील अनुभवाबद्दल आदर आहे, पण धूसर रात्री कार्यक्रम रद्द करावा या मताशी मी सहमत नाही. मी गुरूचे आजवरचे सर्वांत सुंदर दर्शन अशा रात्री घेतले, जेव्हा आकाश दुधाळ होते, वारा पडलेला होता आणि डोळ्यांना मोजके तारेच दिसत होते. त्या रात्री २०० पटीवरही बिंब कागदावर छापल्यासारखे स्थिर होते आणि एका चंद्राची काळी सावली त्यावरून सरकताना वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिली. धूसरपणा बहुधा हवा संथ असल्याचे लक्षण असते. त्याने प्रकाश थोडा घटतो, पण गुरू आणि चंद्र यांच्याकडे प्रकाश भरपूर असतो. याउलट, ताईंच्या १७ तारखेसारखी वाऱ्याने धुतलेली लख्ख रात्र मृगातला तेजोमेघ, देवयानीतली आकाशगंगा किंवा तारकागुच्छ यांसाठी उत्तम असते, कारण त्या गोष्टी मंद आणि पसरट असतात आणि त्यांना ३० ते ४० पट पुरते. त्या रात्री गुरू बाजूला ठेवून २५ मिलीमीटरच्या आयपीसने कृत्तिका आणि मृगाचा तेजोमेघ दाखवला असता, तर गाव समाधानाने घरी गेले असते. हवा कोणती आहे ते पाहून काय दाखवायचे ते ठरवावे, कार्यक्रम मोडू नये.


उत्तर
निवृत्त गुरुजी, खानापूर | २१ जानेवारी २०२६

बाईंना नमस्कार. अथणीच्या बंधूंचे म्हणणे मला मान्य आहे, मात्र अथणीची कोरडी हवा आणि आपल्या तालुक्याची हवा यांत फार अंतर आहे. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी आणि आमगावचा धुवाधार पाऊस आणि पूर्वेला अवर्षणाचा पट्टा अशी आपली स्थिती असल्याने, अथणीला पाहिलेले अंदाज खानापूरला उपयोगी पडतीलच असे नाही.

आपल्याकडचे ढग बहुधा कोकण-गोव्याच्या बाजूने घाट चढून येतात. पावसाळा संपल्यावरही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी आकाश स्वच्छ असते आणि दहा-अकरानंतर जांबोटीच्या बाजूने खालच्या पातळीवरचे ढग पसरू लागतात. या ढगांविषयी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिने मला अनेकदा फसवले आहे. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रे दर अर्ध्या तासाला कोणालाही पाहता येतात. रात्री उपलब्ध असते ते अवरक्त चित्र. ते ढगाच्या माथ्याचे तापमान दाखवते, म्हणून उंच आणि थंड ढग पांढरेशुभ्र उमटतात, पण घाटातून येणाऱ्या बुटक्या ढगाचा माथा जवळपास जमिनीइतकाच उबदार असल्याने तो चित्रात ओळखू येत नाही. चित्र मोकळे आणि डोक्यावर छत, असा प्रकार त्यामुळे होतो. गोव्याचे हवामान रडार पावसाचे थेंब टिपते, पातळ ढग टिपत नाही. तेव्हा दुपारी चारला उपग्रहाचे चित्र पाहावेच, पण सहा वाजता घाटाजवळच्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करून पश्चिमेचे आकाश विचारावे. या फोनने माझे अंदाज जितके सुधारले, तितके कोणत्याही ॲपने सुधारले नाहीत. मीटिओब्लूवर हवेच्या स्थिरतेचा तासागणिक अंदाज मिळतो. तोही पाहावा, मात्र त्याला आपल्या स्लॅबची आणि शेकोटीची माहिती नसते.

उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग आले आणि चंद्राभोवती मोठे खळे दिसले, तर माणसे निराश होतात. ते खळे सूक्ष्म हिमकणांमुळे पडते आणि त्याची त्रिज्या नेहमी २२ अंशांच्या आसपास असते. हात लांब करून बोटे फाकवली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढे अंतर भरते. दुर्बीण झाकून मुलांना खळे मोजायला लावावे. तोही आकाशदर्शनाचाच भाग आहे.

आता तिथीविषयी. गावासाठी अमावास्या निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. काळोख आपल्यासारख्या हौशी माणसांना हवा असतो. आयुष्यात प्रथमच डोळा लावणाऱ्या माणसाला चंद्र दाखवावा, आणि तोही पौर्णिमेचा नव्हे, शुक्ल पंचमी ते नवमीचा. या दिवसांत उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, म्हणून डोंगर उठून दिसतात. चंद्र धुरातूनही दिसतो, पातळ ढगांतूनही दिसतो आणि हवा थोडी हलली तरी तो लाटांखालच्या वाळूसारखा सुंदरच वाटतो. शनीच्या कड्याबद्दल मात्र हवामानाला बोल लावू नका. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्या कड्याच्या पातळीतून गेली, त्यामुळे यंदा ते आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते आहे. तुमच्या मंडळींनी पाहिलेली बारीक रेघ हेच ते कडे. याआधी असे २००९ साली झाले होते. कडे आता वर्षागणिक उघडत जाईल. हे लोकांना आधी सांगितले असते, तर ती रेघ पाहण्यासाठीही त्यांनी रांग लावली असती, कारण पाठ्यपुस्तकात न दिसणारे असे ते दृश्य आहे.

१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाला मी तरुणपणी हुबळीस गेलो होतो. भर दुपारी रस्ते ओस पडले होते आणि घरांची दारे-खिडक्या बंद होत्या. आज तुमच्या गावातली दीडशे माणसे ग्रहणासाठी रात्री बाराला उघड्यावर उभी राहतात, याचे मोल मला फार वाटते. म्हणूनच पुढचा कार्यक्रम नीट व्हावा, अशी माझीही तळमळ आहे.

माझी सूचना २२ फेब्रुवारीच्या रविवारची आहे. त्या संध्याकाळी पंचमी-षष्ठीचा चंद्र असेल. शिवाय महिनाभरात गुरू इतका पुढे सरकलेला असेल की साडेसातलाच तो साठ अंशांच्या आसपास पोहोचलेला असेल. म्हणजे जी उंची तुम्हाला १७ जानेवारीला रात्री दहानंतर मिळाली, ती दिवेलागणीनंतर लगेच मिळेल आणि म्हाताऱ्या माणसांना थंडीत ताटकळावे लागणार नाही.


उत्तर
मलप्रभाकाठ, खानापूर तालुका | २५ जानेवारी २०२६

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे छापून विज्ञान मंडळाच्या फळ्यावर लावली आहेत.

काल शनिवारी नववीच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन चाचणी केली. दुर्बीण सहा वाजताच आवारातल्या गवतावर, झाकण काढून, तोंड खाली झुकवून ठेवली. साडेसातला व्याध घेऊन फोकस बिघडवला, तेव्हा चकतीतले पदर मुलांना दिसले. एकेकाने नळीपुढे हात धरून आपल्या बोटांची ऊब पाहिली आणि नंतर बराच वेळ कोणी आयपीस सोडायला तयार नव्हते. त्याच वेळी गुरूही पाहिला. कड अजून हलत होती, मात्र १५० ऐवजी ७५ पटीवर, बार्लो काढून, दोन पट्टे अधूनमधून दिसत होते. नऊला तोच गुरू ५० अंशांवर आल्यावर १५० पटीवरही पट्टे टिकून राहिले. आम्ही दर अर्ध्या तासाने तीन गोष्टी वहीत नोंदवल्या आहेत: कृत्तिकेतले किती तारे दिसतात, व्याध किती लुकलुकतो आणि गुरूचे पट्टे दर मिनिटाला साधारण किती वेळ दिसतात. ही नोंद २२ फेब्रुवारीपर्यंत रोज ठेवण्याचे मुलांनी कबूल केले आहे.

३ मार्चच्या चंद्रग्रहणाला कार्यक्रम ठेवावा, असे काही ग्रामस्थांचे म्हणणे होते. पण ते ग्रहण संध्याकाळी पावणेसातलाच संपते आणि आपल्याकडे तेव्हा चंद्र जेमतेम उगवलेला असेल, हे त्यांना समजावून सांगितले. गुरुजींनी सुचवलेला २२ फेब्रुवारीचा रविवार ग्रामपंचायतीत सांगून पक्का केला आहे. आवारातला मोठा दिवा दोन तास बंद ठेवण्याचेही ठरले. शेकोटी मात्र लोकांना हवीच आहे, म्हणून ती आता पूर्वेऐवजी पश्चिमेच्या बाजूला, शाळेच्या भिंतीपलीकडे करायचे ठरवले आहे.


उत्तर
निवृत्त गुरुजी, खानापूर | २५ जानेवारी २०२६

बाई, पश्चिमेला नको. २२ तारखेच्या संध्याकाळी तुमचा चंद्र पश्चिमेच्या बाजूला असेल आणि रात्र वाढेल तसा त्याच भिंतीकडे उतरत जाईल. गुरू पूर्वेकडून माथ्यावर येत असेल आणि मृग-व्याध दक्षिणेकडे असतील. शेकोटी उत्तरेच्या बाजूला, दुर्बिणीपासून तीस-चाळीस पावले लांब करा, आणि वारा उत्तरेचा असेल तर लाकडे तशीच राहू द्या व घराघरांतून घोंगडी आणायला सांगा. रांगही उत्तरेकडूनच आणावी. शंभर-दीडशे माणसांच्या अंगाची ऊब एकत्र आली की तीही लहानशा शेकोटीसारखीच असते. एकूण तयारी पाहता मी स्वतः येतो आहे. माझ्याकडचा जास्तीचा ३२ मिलीमीटरचा आयपीस आणि केस वाळवण्याचे यंत्र सोबत आणतो, आवारापर्यंत विजेची लांब वायर तेवढी तुम्ही काढून ठेवा.